महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही महाराष्ट्र राज्यातील जल व वायू प्रदूषणास प्रतिबंध घालणारी आणि त्यावर नियंत्रण ठेवणारी वैधानिक संस्था आहे. तिची स्थापना ७ सप्टेंबर १९७० रोजी झाली. मंडळाचे मुख्यालय मुंबईतील शीव (सायन) येथे असून ते राज्य शासनाच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाच्या अखत्यारीत काम करते. उद्योग, नागरी स्थानिक संस्था, रुग्णालये, साखर कारखाने, खाणी, मोठे बांधकाम प्रकल्प आदींना संमतीपत्रे देणे, त्यांतील अटींचे पालन होते की नाही हे तपासणे, नद्या व हवेच्या गुणवत्तेची मोजणी करणे आणि उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करणे ही मंडळाची मुख्य कामे होत.

इतिहास

भारतात जलप्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे राज्य पातळीवर झाले. ओडिशाने १९५३ मध्ये नदी प्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता. महाराष्ट्राने १९६९ मध्ये 'महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम' संमत केला आणि त्याखाली पुढील वर्षी मंडळ अस्तित्वात आले. याचा अर्थ असा की, १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९७४ चा केंद्रीय जल कायदा या दोहोंच्या आधीपासून राज्यात अशी यंत्रणा होती.

पाणी हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे संसदेने १९७४ चा 'जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम' घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, काही राज्यांच्या विधानमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे केला. स्वतःचा कायदा असल्याने महाराष्ट्र आरंभी त्यात सामील नव्हता. राज्याने तो १ जून १९८१ रोजी स्वीकारला आणि मंडळाची त्या अधिनियमाच्या कलम ४ नुसार पुनर्रचना झाली.

'वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१' राज्यात १९८३ मध्ये लागू झाला. २ मे १९८३ रोजी प्रथम काही भाग 'वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून घोषित करण्यात आले, तर ६ नोव्हेंबर १९९६ पासून संपूर्ण राज्य असे क्षेत्र ठरले. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८६ चा 'पर्यावरण (संरक्षण) अधिनियम' आला. त्याखालील घातक कचरा, जैव-वैद्यकीय कचरा, ध्वनी, प्लास्टिक, ई-कचरा व घनकचरा यांविषयीच्या नियमांमुळे मंडळाचे कार्यक्षेत्र पाणी आणि हवा यांपलीकडे विस्तारले.

रचना

जल अधिनियमाच्या कलम ४ नुसार राज्य मंडळात पुढील सदस्य असतात :

• राज्य शासनाने नामनिर्देशित केलेला अध्यक्ष
• शासनाचे प्रतिनिधित्व करणारे जास्तीत जास्त पाच अधिकारी
• स्थानिक स्वराज्य संस्थांतील जास्तीत जास्त पाच सदस्य
• शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग व व्यापार आदी हितसंबंधांचे जास्तीत जास्त तीन अशासकीय प्रतिनिधी
• राज्याच्या मालकीच्या कंपन्या वा महामंडळांचे दोन प्रतिनिधी
• पूर्णवेळ सदस्य सचिव

मंडळाचे दैनंदिन प्रशासन सदस्य सचिव पाहतात. मुख्यालयाच्या खाली प्रादेशिक कार्यालये, त्यांच्या खाली उपप्रादेशिक कार्यालये आणि प्रत्यक्ष तपासणी करणारे क्षेत्र अधिकारी अशी उतरंड आहे. मुंबई, नवी मुंबई, रायगड, ठाणे, कल्याण, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती व चंद्रपूर येथे प्रादेशिक कार्यालये आहेत. नवी मुंबईतील महापे येथे मध्यवर्ती प्रयोगशाळा असून पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, ठाणे, चंद्रपूर व चिपळूण येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

राज्य मंडळांच्या अध्यक्ष व सदस्यपदी विषयातील जाणकारांची नेमणूक व्हावी, यासाठी राज्यांनी सेवाप्रवेशाचे नियम करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २०१७ रोजीच्या निकालात सर्व राज्यांना सांगितले.

औद्योगिक सुरक्षा हा मंडळाचा विषय नाही. कारखान्यातील स्फोट, आग व कामगारांची सुरक्षितता यांची जबाबदारी प्रामुख्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. वाहनांच्या धुराची तपासणी परिवहन विभागामार्फत होते, तर ध्वनिक्षेपकांवरील प्रत्यक्ष कारवाई पोलीस करतात. या क्षेत्रांत मंडळाची भूमिका मुख्यतः मोजणीची व तांत्रिक साहाय्याची असते.

संमतीपत्र पद्धती

मंडळाच्या नियंत्रणाचे मुख्य साधन म्हणजे संमतीपत्र. जल अधिनियमाच्या कलम २५ व २६ नुसार सांडपाणी सोडणाऱ्या आणि वायू अधिनियमाच्या कलम २१ नुसार हवेत उत्सर्जन करणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाला मंडळाची पूर्वसंमती लागते. ही संमती दोन टप्प्यांत दिली जाते.

स्थापनेसाठी संमती : प्रकल्पाची उभारणी सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची. या टप्प्यावर जागेची योग्यता, पाण्याचा वापर, अपेक्षित सांडपाणी, धुरांड्याची उंची आणि प्रस्तावित प्रक्रिया यंत्रणा यांचा विचार होतो.

चालविण्यासाठी संमती : उभारणी पूर्ण झाल्यावर, उत्पादन सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची. स्थापनेच्या संमतीतील यंत्रणा प्रत्यक्षात बसविली आहे काय, हे पाहून ती ठरावीक मुदतीसाठी दिली जाते व मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते.

उत्पादनाचे नाव व प्रमाण, दररोज सोडता येणारे सांडपाणी, त्याची गुणवत्ता, ते कोठे सोडायचे, धुरातील धूलिकणांची मर्यादा आणि कचऱ्याची विल्हेवाट या सर्व बाबी संमतीपत्रात नमूद असतात. त्यामुळे नवे उत्पादन सुरू करणे किंवा क्षमता वाढविणे यासाठी सुधारित संमती आवश्यक ठरते. संमती शुल्क प्रकल्पाच्या भांडवली गुंतवणुकीनुसार आकारले जाते.

परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास जल अधिनियमाच्या कलम २५(७) नुसार संमती मिळाली असे मानले जाते. संमती नाकारल्यास किंवा तिच्या अटी मान्य नसल्यास अर्जदाराला कलम २८ खाली अपील करता येते.

संमतीपत्र आणि पर्यावरणीय मंजुरी या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पर्यावरणीय मंजुरी १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार केंद्रीय मंत्रालय किंवा राज्यस्तरीय प्राधिकरण देते आणि ती अधिसूचनेत समाविष्ट प्रकल्पांनाच लागते. मात्र अशा प्रकल्पांसाठीची जाहीर जनसुनावणी राज्य मंडळच आयोजित करते. प्रकल्पबाधित गावांतील रहिवाशांना आपले म्हणणे नोंदविण्याची ही कायद्याने दिलेली प्रमुख संधी आहे.

रंगनिहाय वर्गवारी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची वर्गवारी शून्य ते शंभर या प्रदूषण निर्देशांकावर आधारली. त्या वर्गवारीनुसार :

• लाल : निर्देशांक ६० व त्याहून अधिक
• नारिंगी : ४१ ते ५९
• हिरवा : २१ ते ४०
• पांढरा : २० पर्यंत

रासायनिक खते, औषधनिर्मिती, मद्यार्क निर्मिती, कातडी कमावणे, कापडावरील ओली प्रक्रिया असे उद्योग लाल वर्गात येतात. पांढऱ्या वर्गातील उद्योगांना संमतीपत्राची अट न ठेवता केवळ कळविणे पुरेसे मानले गेले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंडळाने वर्गवारीची पद्धत सुधारली आणि कचरा व सांडपाणी व्यवस्थापनासारख्या आवश्यक पर्यावरण सेवांसाठी 'निळा' हा नवा वर्ग निर्माण केला. संमतीची मुदत, तपासणीची वारंवारता आणि जागेवरील निर्बंध या वर्गवारीवर अवलंबून असतात.

मानके व तपासणी

सांडपाणी व उत्सर्जनाची सर्वसाधारण मानके पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचींमध्ये दिली आहेत. नदी, नाला वा तलावात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सामू ५.५ ते ९.०, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी (बीओडी) प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम, रासायनिक प्राणवायूची मागणी (सीओडी) प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम आणि तरंगते घनपदार्थ प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. अनेक उद्योगांसाठी स्वतंत्र मानके आहेत. राज्य मंडळाला संमतीपत्रात याहून कडक मर्यादा घालता येते, सैल करता येत नाही.

हवेच्या गुणवत्तेसाठी २००९ ची राष्ट्रीय मानके लागू आहेत. त्यांनुसार पीएम १० कणांची चोवीस तासांची सरासरी प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम व वार्षिक सरासरी ६०, तर पीएम २.५ कणांसाठी अनुक्रमे ६० व ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी.

कलम २३ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याला कोणत्याही वाजवी वेळी आवारात प्रवेश करून तपासणी करता येते. सांडपाण्याचा नमुना घेण्याची पद्धत कलम २१ मध्ये काटेकोरपणे दिली आहे. नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची नोटीस तेथल्या तेथे द्यावी लागते. नमुन्याचे दोन भाग करून ते सीलबंद केले जातात व त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या होतात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे, तर उद्योगाने मागणी केल्यास दुसरा राज्य शासनाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. ही पद्धत पाळली नसेल, तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. रात्री टँकरने नाल्यात ओतलेले रसायन किंवा पावसाच्या पाण्यासोबत सोडलेले सांडपाणी सिद्ध करणे अवघड जाते, याचे हे एक मोठे कारण आहे. गावकऱ्यांनी बाटलीत भरून आणलेले पाणी तपासाची दिशा दाखवू शकते, परंतु फौजदारी खटल्यात ते कलम २१ च्या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धुरांड्यांवर अखंड ऑनलाइन मापन यंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. तिच्यातील आकडे थेट केंद्रीय व राज्य मंडळाकडे जातात. याखेरीज प्रत्येक संमतीधारक उद्योगाने मागील आर्थिक वर्षातील पाणी, कच्चा माल, उत्सर्जन व कचरा यांचा हिशेब देणारे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे सादर करावयाचे असते.

कारवाईचे अधिकार

उल्लंघन आढळल्यास मंडळ सामान्यतः कारणे दाखवा नोटीस, अंतरिम निर्देश, बँक हमी घेणे वा जप्त करणे आणि शेवटी उद्योग बंद करण्याचे आदेश अशा क्रमाने कारवाई करते. तातडीच्या प्रसंगी थेट बंदीचे आदेशही दिले जातात.

जल अधिनियमात १९८८ मध्ये घातलेले कलम ३३-अ आणि वायू अधिनियमात १९८७ मध्ये घातलेले कलम ३१-अ यांमुळे उद्योग बंद करण्याचे तसेच त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे निर्देश मंडळाला न्यायालयात न जाता देता येतात. कलम ३३-अ खालील निर्देशांविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. प्रचलित भाषेत 'हरित लवाद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या न्यायाधिकरणाची स्थापना १८ ऑक्टोबर २०१० रोजी झाली असून त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे.

दोन्ही अधिनियमांत गंभीर उल्लंघनासाठी दीड ते सहा वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने वायू व पर्यावरण अधिनियमांतील बहुतेक गुन्ह्यांसाठी कारावासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपये दंडाची तरतूद केली. जल अधिनियमात २०२४ मध्ये याच स्वरूपाची दुरुस्ती झाली. ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि अन्य राज्यांना ठरावाद्वारे ती स्वीकारण्याची मुभा राहिली.

पर्यावरण भरपाई

'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्यात भारतीय कायद्याचा भाग मानले. त्यानुसार केंद्रीय मंडळाने २०१९ मध्ये भरपाई मोजण्याचे सूत्र निश्चित केले. त्यात पाच घटकांचा गुणाकार केला जातो : प्रदूषण निर्देशांक (लाल ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०), उल्लंघनाचे दिवस, प्रतिदिन रुपयांचा घटक (१०० ते ५००, सामान्यतः २५०), उद्योगाचा आकार (लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि जवळच्या वस्तीच्या लोकसंख्येवर आधारित स्थानघटक. उदाहरणार्थ, दहा लाखांहून अधिक व पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहराजवळील (स्थानघटक १.२५) लाल वर्गातील मोठ्या उद्योगाने ३० दिवस उल्लंघन केल्यास ८० × ३० × २५० × १.५ × १.२५ म्हणजे ११,२५,००० रुपये भरपाई होते.

राज्य मंडळांना अशी भरपाई स्वतः आकारण्याचा अधिकार आहे की नाही, याविषयी दीर्घकाळ वाद होता. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात, कलम ३३-अ व ३१-अ खाली मंडळांना नुकसानीची भरपाई आकारण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. मात्र हा अधिकार रीतसर नियम करून आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळून वापरावा, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रदूषण प्रतिबंधाचे कार्यक्रम

सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे : लहान कारखान्यांना स्वतंत्र पूर्ण प्रक्रिया परवडत नसल्याने औद्योगिक वसाहतींत सामूहिक केंद्रे उभारण्यात आली. प्रत्येक कारखान्याने प्राथमिक प्रक्रिया करून ठरलेल्या प्रतीचे सांडपाणी केंद्राकडे पाठवावे आणि केंद्राने त्यावर पुढील प्रक्रिया करावी, अशी ही व्यवस्था आहे. काही सदस्य कारखान्यांनी प्रक्रिया न करताच तीव्र आम्ल वा क्षारयुक्त पाणी पाठविल्यास केंद्रातील जीवाणू मरतात आणि संपूर्ण वसाहतीचे सांडपाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडते. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कार्यरत प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा नसलेला कोणताही उद्योग तीन महिन्यांच्या मुदतीनंतर चालू देऊ नये, असा आदेश दिला.

घातक कचरा : घातक कचऱ्याच्या अंतिम विल्हेवाटीसाठी तळोजे, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे सामूहिक सुविधा आहेत.

साखर व मद्यार्क उद्योग : मळीपासून मद्यार्क तयार करताना निघणारे गडद तपकिरी सांडपाणी, ज्याला कारखाना परिसरात 'स्पेंट वॉश' असेच म्हणतात, अत्यंत उच्च बीओडीचे असते. मार्च २००३ च्या उद्योग उत्तरदायित्व सनदेत १७ प्रकारच्या उद्योगांसाठी कार्यक्रम ठरविण्यात आला. पुढे मद्यार्क प्रकल्पांसाठी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट घालण्यात आली. त्यासाठी स्पेंट वॉश आटवून जाळणे किंवा त्याचे खत करणे असे मार्ग वापरले जातात.

तारांकन कार्यक्रम : ५ जून २०१७ रोजी मंडळाने शिकागो विद्यापीठाच्या सहकार्याने उद्योगांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. धुरांड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांच्या मोजणीवरून तारे ठरतात. पाच तारे असलेला उद्योग मानकांचे सर्वोत्तम पालन करणारा, तर एक तारा असलेला सर्वांत मागे पडलेला मानला जातो. आकडे जाहीर केल्याने लोकांचा व बाजारपेठेचा दबाव निर्माण होतो, ही या योजनेमागील कल्पना आहे.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम : जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या यादीतील १०२ शहरांपैकी १७ महाराष्ट्रातील होती. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, चंद्रपूर, लातूर, जळगाव आदींचा समावेश होता. २०१७ च्या तुलनेत धूलिकण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे मूळ उद्दिष्ट पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढविण्यात आले.

प्लास्टिकबंदी : राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी २३ जून २०१८ पासून सुरू झाली. पहिल्या उल्लंघनासाठी ५,०००, दुसऱ्यासाठी १०,००० आणि तिसऱ्यासाठी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे.

उत्सवकालीन उपाययोजना : गणेशोत्सव व दिवाळीत मंडळ निवडक ठिकाणी ध्वनी, हवा व विसर्जनस्थळांच्या पाण्याची मोजणी करते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा प्रश्न २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर मात्र निर्बंध कायम ठेवले आणि उंच मूर्तींसाठी मर्यादित कालावधीची सवलत दिली.

उल्लेखनीय क्षेत्रे व प्रकरणे

तारापूर

पालघर जिल्ह्यातील बोईसरलगतची तारापूर औद्योगिक वसाहत रसायने, औषधे व कापड यांसाठी ओळखली जाते. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये आयआयटी दिल्लीच्या साहाय्याने काढलेल्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ७० हून अधिक गुण मिळालेली क्षेत्रे 'अतिप्रदूषित' ठरली. त्यांत महाराष्ट्रातील चंद्रपूर (८३.८८), डोंबिवली (७८.४१), औरंगाबाद (७७.४४), नवी मुंबई (७३.७७) व तारापूर (७२.०१) यांचा समावेश होता. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीवर तात्पुरती स्थगिती आली. २०१८ च्या फेरमोजणीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिल्या क्रमांकावर गेले.

वसाहतीतील जुन्या सामूहिक केंद्राची क्षमता दररोज २५ दशलक्ष लिटर होती आणि तिच्यापेक्षा अधिक सांडपाणी तेथे येत असे. जादा व अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी खाडी व समुद्रात गेल्याने मासेमारीवर परिणाम झाला, अशी तक्रार घेऊन मच्छीमार समाजाची संघटना हरित लवादाकडे गेली. लवादाने तज्ज्ञ समिती नेमून तिच्या अहवालाच्या आधारे जानेवारी २०२२ मध्ये सामूहिक केंद्र व अनेक उद्योगांवर भरपाई निश्चित केली. दररोज ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्रही उभारण्यात आले.

पंचगंगा

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदीत कोल्हापूर शहराचे नाले, नदीकाठच्या गावांचे सांडपाणी, साखर कारखाने आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योग यांचे पाणी मिसळते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली आणि त्यात मृत्यूही झाले. त्यानंतर नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. या प्रकरणाने, नदीचे प्रदूषण हा पिण्याच्या पाण्याचा व पर्यायाने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे ठळक केले.

उल्हास व वालधुनी

कल्याण–उल्हासनगर पट्ट्यातील वालधुनी नदीत टँकरने रसायने सोडण्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत्या. २०१४ च्या अखेरीस अशा रसायनातून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले.

मुंबईतील हवा

२०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईची हवा खालावल्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास महानगरपालिकेने बांधकामांभोवती पत्र्यांचे उंच कुंपण, पाण्याची फवारणी व झाकलेली वाहतूक बंधनकारक केली. ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले.

नागरिकांचे अधिकार

• दिलेल्या संमतीपत्रांची नोंदवही मंडळाने ठेवणे कलम २५(६) नुसार बंधनकारक असून, बाधित वा हितसंबंधी व्यक्तीला ती वाजवी वेळी पाहता येते. एखाद्या कारखान्याला काय व किती सोडण्याची परवानगी आहे, हे त्यातून कळते.
• तक्रार उपप्रादेशिक कार्यालयात लेखी वा ऑनलाइन करता येते. तपासणी व विश्लेषण अहवालांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात.
• कलम ४९ नुसार कोणत्याही व्यक्तीला ६० दिवसांची पूर्वसूचना देऊन स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते. त्यानंतर मंडळाने संबंधित अहवाल मागणीनुसार उपलब्ध करून द्यावयाचे असतात. मात्र सार्वजनिक हिताच्या कारणास्तव ते नाकारण्याची मुभा कायद्यात आहे.
• हरित लवादाकडे पर्यावरणविषयक वादासाठी सहा महिन्यांत, तर भरपाई व पुनर्स्थापनेसाठी पाच वर्षांत अर्ज करता येतो.

टीका व मर्यादा

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३, तर २०२२ च्या अहवालात ३११ पैकी ५५ पट्टे महाराष्ट्रात होते. दोन्ही वेळी ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. बीओडी प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असलेले पट्टे प्रदूषित, तर ३० पेक्षा अधिक असलेले पहिल्या अग्रक्रमाचे मानले जातात. मिठी, मुळा व मुठा या नद्या २०१८ च्या यादीत पहिल्या अग्रक्रमात होत्या. या संख्येची तुलना करताना राज्यातील मोजणी केंद्रांची मोठी संख्याही लक्षात घ्यावी लागते, कारण जेथे मोजणी होत नाही तेथील प्रदूषण यादीत येत नाही.

नद्यांतील प्रदूषणाचा मोठा वाटा प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याचा आहे. महानगरपालिका व नगरपरिषदांनाही संमतीपत्र आवश्यक असते. परंतु कारखाना बंद करता येतो, तसे शहराचे सांडपाणी बंद करता येत नाही. त्यामुळे स्थानिक संस्थांबाबत मंडळाची कारवाई नोटिसा, भरपाई व खटले यांपुरती राहते आणि भरपाईचा भार अखेर करदात्यांवर पडतो.

नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे निर्बंध घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये लागू झाले व २००९ मध्ये सुधारले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये शासनाने ते रद्द केले. संमती पद्धती व मानके पुरेशी असल्याने स्वतंत्र धोरणाची गरज नाही, अशी शासनाची भूमिका होती. एकाच नदीवर अनेक उद्योग प्रत्येकी आपापली मर्यादा पाळूनही नदीची वहनक्षमता ओलांडू शकतात, असे पर्यावरण अभ्यासकांचे म्हणणे होते. उन्हाळ्यात प्रवाह आटलेल्या दख्खनच्या नद्यांमध्ये हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण सांडपाणी सौम्य करण्यास पुरेसे पाणीच नदीत उरत नाही.

क्षेत्र अधिकाऱ्यांची अपुरी संख्या, बंदीच्या आदेशानंतर अल्पावधीत पुन्हा सुरू होणारे उद्योग, बँक हमीच्या रकमा उल्लंघनातून होणाऱ्या बचतीपेक्षा कमी असणे आणि खटल्यांचा रेंगाळणारा निकाल हे टीकेचे अन्य मुद्दे आहेत. उद्योगांच्या बाजूने, अनेक परवानग्यांची पुनरावृत्ती व सामूहिक केंद्रांच्या त्रुटींबद्दल नियम पाळणाऱ्या सदस्यांनाही सोसावी लागणारी कारवाई यांबद्दल तक्रारी केल्या जातात.

हेही पाहा

• केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ
• राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण
• महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
• पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६
• गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ